म्यूट केलेला कुलर

"पाणी कधीही येतं. त्याला काही लॉजिकच नाही."

आमच्या कुलरच्या कॉम्प्युटर गेमवर सुरुवातीला जे अभिप्राय आले, त्यांतला हा एक. नागपुरात वाढलेल्या माणसाला यात तक्रार नेमकी कशाची आहे तेच कळायचं नाही. नळ आपल्या मर्जीने येतात, आपण पाइप लावून तयार राहायचं, यापलीकडे लॉजिक ते काय असणार! पण लिहिणारा नागपूरचा नव्हता, आणि आमच्या गेममधल्या नळाला तर चांगलं विचार करून घातलेलं लॉजिक होतं. गेमचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा होता. तरी हीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या देशांतून येत राहिली. पाणी रँडम आहे. पाणी अनफेअर आहे. पाणी कधी येणार त्याचा टायमर द्या.

गेम आम्ही लुडम डेअरसाठी केला होता. हा इंटरनेटवरचा गेम जॅम, म्हणजे ठरावीक तासांत गेम बनवायचा मेळा, 2002च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. विषय ठरलेल्या वेळी जाहीर होतो आणि तिथून घड्याळ सुटतं. एकट्याने, सगळं स्वतःच्या हातांनी करून, सोर्स कोडसकट द्यायचं असेल तर 48 तास मिळतात, त्याला कॉम्पो म्हणतात. टीम करायची असेल तर 72 तासांचा जॅम. बक्षीस काही नसतं. 2022च्या एप्रिलमध्ये त्याची 50 क्रमांकाची खेप होती आणि विषय निघाला, 'अटळ ते लांबणीवर टाका'.

आपल्याकडे तेव्हा शनिवार उजाडला होता, 2 एप्रिल, म्हणजे नेमका गुढीपाडवा. आई गुढीला कडुलिंब आणि गाठी बांधत होती, बाबा माळ्यावरून कुलर उतरवत होते. त्या वर्षीचा मार्च हा देशातला 1901पासूनचा सगळ्यात गरम मार्च ठरला होता, त्यामुळे कुलर उतरवायला तसा उशीरच झाला होता. माझा मामेभाऊ श्रीखंड-पुरीसाठी आलेला. तो चित्रं काढतो, मी कोड लिहिते, आमची टीम एवढीच. विषय वाचून तो म्हणाला, "ताई, अटळ म्हणजे काय, तर दुपार." गेम तिथेच ठरला.

गेममध्ये तुम्ही कुलर आहात. चाकांवरचा, पत्र्याचा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या लावलेला डेझर्ट कुलर. नवतपातली, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांतली, दुपार आहे, हॉलमध्ये चटया टाकून घरातली माणसं आडवी झाली आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हळूहळू लाल होत जाणारा एक गोळा आहे. तुम्ही सरकायचं, वळायचं, ज्याचा गोळा लाल त्याच्याकडे हवा सोडायची. टाकीतलं पाणी उतरत जातं. संपलं की नुसती झळ. मध्येच लाईट जाते. कोणी एक जण जरी "छे, नाही बाबा" म्हणत उठून बसला तरी दुपार मोडली, गेम संपला. जिंकायचं काही नाही. सगळ्यांना किती वेळ झोपवून ठेवलं, तोच स्कोअर.

खरी गंमत आवाजात होती. कुलर फुलवर असला की घरात दुसरं काही ऐकू येत नाही, हे कुलरवाल्या घरांना सांगायला नको. टीव्हीचा आवाज वाढवत न्यायचा, फोन आला तर गॅलरीत पळायचं. आम्ही त्याचाच नियम केला: तुम्ही जितक्या जोरात हवा फेकाल तितके बहिरे व्हाल. आणि अंगणातल्या नळाला पाणी येण्याआधी जशी हवा येते, फुस्स, मग खर्र, मग थोडं थांबून पुन्हा फुस्स, तसा आवाज आधी यायचा. तो कानावर पडावा म्हणून अधूनमधून स्वतःला स्लो करायचं, माणसं थोडी तापू द्यायची, कानोसा घ्यायचा, आणि फुस्स झालं की पाइपाकडे धाव घ्यायची. नळ थोडाच वेळ असतो. कोडमध्ये हे फार अवघड नाही. कुलर सोडून बाकी सगळे आवाज एका वेगळ्या ऑडिओ बसवर, म्हणजे आवाजाच्या वेगळ्या वाटेवर, ठेवायचे आणि स्पीड वाढली की त्या बसवरचा लो-पास फिल्टर आवळत न्यायचा, म्हणजे ते आवाज दबत जातात. गेम बनवायच्या गोडॉ इंजिनात ही सोय तयारच मिळते.

बनवण्याबद्दल जास्त सांगत नाही, सगळ्या जॅमची कहाणी सारखीच असते: झोप कमी, चहा जास्त. कुलरचा आवाज आमच्याच कुलरचा, फोनवर रेकॉर्ड केलेला. आजीचा आवाज आजीचाच. "खिडकी उघड ना वं, जीव घुसमटून राहिला" हे ती खरोखरच झोपेतून उठून मला म्हणाली होती, मी फक्त फोन समोर धरून पुन्हा म्हणायला लावलं. बाकीचे टुंग-टांग आवाज एसएफएक्सआरमधून काढले. हे टूल 2007 साली याच जॅमसाठी एका भल्या माणसाने बनवून फुकट देऊन टाकलं आणि अजून कितीतरी गेम त्याच्याच आवाजात किरकिरतात. मंगळवारी सकाळी गेम सबमिट केला आणि मी आंघोळ करून ऑफिसला गेले.

पुढचे साधारण तीन आठवडे एकमेकांचे गेम खेळायचे असतात. आठ बाबतींत 1 ते 5 तारे द्यायचे: एकूण, मजा, नावीन्य, विषयाशी नातं, चित्रं, आवाज, विनोद आणि मूड. किमान 20 जणांनी तारे दिले तरच निकालात तुमचा नंबर लागतो. आणि लोकांनी आपल्याकडे यावं असं वाटत असेल तर आपण लोकांकडे जावं लागतं. जितके अभिप्राय द्याल तितका तुमचा गेम इतरांना वर दिसतो. सगळा व्यवहार हळदीकुंकवासारखा आहे. त्या येऊन गेल्या, आता आपल्याला जायलाच हवं.

त्यामुळे बरेचसे अभिप्राय हजेरीपुरते असतात. "छान कल्पना! चित्रं आवडली! माझाही खेळून बघा." त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, मीही असे पुष्कळ लिहिलेत, पण हाती काही लागत नाही. दुसरी जात सूचना करणाऱ्यांची. कुलरला अपग्रेड द्या, वरचा मजला द्या, मांजर द्या. (मांजर द्या, असं कुठल्याही गेमला कोणी ना कोणी सुचवतंच. मामेभावाने ते फार मनावर घेतलं.) तिसऱ्या जातीची माणसं थोडी असतात, पण माझ्या मते हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच करावा. आपल्याला काय वाटलं ते बाजूला ठेवून आपण काय केलं ते ही माणसं सांगतात. "मी आधी म्हाताऱ्या बाईंकडे गेलो, मग खिडकी लावली, मग सगळेच लाल झाले, मग वैतागून बंद केला." असं एखादं वाक्य मिळालं की त्यावर रात्रभर काम करता येतं.

खिडकीचं प्रकरण अशाच वाक्यांमधून उलगडलं. कुलर हवा बाहेरून घेतो आणि ती घरातून निघून जायला वाट लागते. ताटीवरचं पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं म्हणून हवा गार होते. हवा आधीच दमट असेल तर पाणी उडणार कुठून? म्हणून तर नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कुलरचा रुबाब, आणि तोच मुंबईला नेला तर नुसता मोठा पंखा. नागपुरातसुद्धा दारं-खिडक्या लावून कुलर चालवला की थोड्या वेळात अंगाला चिकचिक सुटते. गेममध्ये हे सगळं घातलं होतं. खिडकी उघडी असेल तर ठीक. लावली की दमटपणा चढतो, सगळे भराभर तापतात आणि आजी ओरडते. परदेशातल्या बहुतेक खेळाडूंनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर जाऊन खिडकी लावली. एसी लावल्यावर लावतात तशी. एकाने तर अत्यंत सभ्यपणे कळवलं की खिडकीच्या कोडमध्ये कुठेतरी अधिकच्या जागी उणे पडलेलं दिसतं.

मामेभावाला हे लगेच दुरुस्त करायचं होतं. "बाण दाखवू ना ताई, नाहीतर सरळ लिहून देऊ." मी नको म्हटलं, कारण त्याच लोकांनी पुढे काय केलं तेही लिहिलं होतं. खिडकी लावली, आजी ओरडली, भाषा कळली नाही पण सूर कळला, खिडकी उघडली, पुन्हा हात लावला नाही. शिकवायचं काम आजीने चोख केलं होतं. तिला मध्येच थांबवून बाण कशाला दाखवायचा?

आणखी एक कोडं होतं. काहींना गेम फार अवघड वाटत होता, पाणी पुरतच नाही म्हणत होते. काहींना फारच सोपा. असे परस्परविरोधी अभिप्राय आले की ज्याची त्याची आवड म्हणून सोडून द्यावंसं वाटतं. पण अवघड म्हणणाऱ्यांपैकी एकाने खेळतानाचा स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवला होता, आणि त्यात टाकी खरोखरच दुपटीहून जास्त वेगाने रिकामी होत होती. पाणी दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर दर नवं चित्र उमटताना, ठरावीक थेंबांनी कमी होत होतं, सरलेल्या वेळाच्या हिशोबाने नव्हे. ब्राउझर सेकंदाला किती फ्रेम काढणार ते मॉनिटरवर ठरतं. साध्या मॉनिटरवर 60, गेमिंगवाल्यांच्या मॉनिटरवर 144. म्हणजे ज्याचा मॉनिटर महाग, त्याचा उन्हाळा कडक. एका ओळीत डेल्टाने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळाने, गुणलं आणि भांडण मिटलं. मुदतीनंतर बग काढायला परवानगी असते, नवीन काही घालायला नसते; हे नियमात बसत होतं.

घरच्यांचेही अभिप्राय आले. बाबा थोडा वेळ खेळले आणि म्हणाले, "कुलरची पाठ खिडकीत पाहिजे. हा हॉलच्या मधोमध काय करून राहिला?" शंभर टक्के बरोबर, आणि गेमला काडीचा उपयोग नाही. आईने विचारलं, एवढं पाणी सांडून राहिलं, फरशी कोण पुसणार? आजीने स्वतःचा आवाज ऐकला, पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा ऐकला, आणि माळ ओढत बसली.

राहिला तो नळ.

रेटिंगच्या दिवसांत काही मंडळी लोकांचे गेम ट्विचवर लाइव्ह खेळून दाखवतात. आपला गेम रांगेत टाकायचा आणि जागत बसायचं, कारण त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. आमचा नंबर लागला तेव्हा मामेभाऊ त्याच्या घरी, मी माझ्या घरी, फोन चालू ठेवून बघत होतो. युरोपातला कोणीतरी तरुण, डोक्यावर हे एवढे हेडफोन. आधी तो हा डबा काय आहे यावर अडला. वॉशिंग मशीन असावं असं त्याला वाटलं. बघणाऱ्यांपैकी कोणी तरी बार्बेक्यू म्हणालं. मग अपेक्षेप्रमाणे खिडकी लावली, आजीचा ओरडा खाल्ला, हसत हसत उघडली. मग स्पीड फुल करून सुसाट सुटला. पाणी संपलं, मेला. पुन्हा सुरू केला, पुन्हा फुल. आम्ही फोनवर गप्प.

तेवढ्यात गेममधली लाईट गेली. कुलर घरघरत थांबला आणि एकदम शांत झालं. नागपूरकरांना ती शांतता ओळखीची आहे. लाईट गेल्यावरच कळतं की घरात इतका वेळ केवढा आवाज होता. त्या शांततेत बाहेरून आलं, फुस्स. खर्र. त्याचा हात माऊसवरच थांबला. मान किंचित वाकडी करून त्याने कानोसा घेतला, अगदी नळाच्या वेळी आई घेते तसा. पुन्हा फुस्स. "ओऽह," तो म्हणाला. लाईट आली तशी त्याने आपणहून स्पीड कमी केली, ऐकलं, वाढवली, पुन्हा कमी केली. आम्ही दोघं फोनवर एकदमच ओरडलो आणि आमच्याकडे आई उठली.

हे असं होईल असं आम्ही ठरवलं नव्हतं. लाईट जाणं आम्ही निव्वळ छळायला घातलं होतं. पण गेमचा नियम शिकवणारी तीच एक जागा निघाली. मग एवढं सगळं नीट चालत असताना बाकीचे लोक पाण्याला रँडम का म्हणत होते?

उत्तर आयटी पार्कातल्या आमच्या ऑफिसात मिळालं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत लिंक दिली आणि मी मागे खुर्ची ओढून बसले. तोंडातून एक शब्द काढायचा नाही असं ठरवून. हे फार अवघड असतं; आपल्या गेममध्ये कोणी चुकीच्या दिशेने निघालं की जीभ शिवशिवते. गडी नागपूरचा, त्यामुळे खिडकीला त्याने हातही लावला नाही. वळत होता छान, माणसं पण नीट सांभाळत होता. एका हाताने कुलर, दुसऱ्या हातात पोळीची गुंडाळी. पण स्पीड एकदाही कमी केली नाही. लाईट गेली तेव्हा मी श्वास रोखून बसले. तो खुर्चीत मागे रेलला आणि निवांतपणे पोळीचा घास घेतला. डोळे भलतीकडेच. नळाचं सगळं फुस्स-खर्र त्याच्यासमोर होऊन गेलं, पाणी आलं तेव्हा कुलर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि तो पोचेपर्यंत गेलंही.

"पाणी तं कधीही येऊन राहिलं यार," तो म्हणाला, "काही लॉजिकच नाही."

मी लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. स्पीकरच्या चित्रावर फुली.

"म्यूटच असतो माझा," तो म्हणाला. "ऑफिसात कोण आवाज चालू ठेवते?"

गेमच्या वर्णनात पहिल्याच ओळीत 'हेडफोन लावून खेळा' असं लिहिलेलं होतं. वर्णन कोणी वाचत नाही. मी तरी दुसऱ्यांचं कुठे वाचते. त्या रात्री मी रँडम म्हणणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विचारलं, खेळताना आवाज चालू होता का? उत्तरं हळूहळू आली. एक जण ओळीने गेम तपासत होता आणि मागे स्वतःची गाणी लावली होती. एकाचं बाळ शेजारी झोपलं होतं. काहींच्या ब्राउझरने आवाज सुरूच होऊ दिला नव्हता: पान उघडल्या उघडल्या वाजायला लागलेलं ब्राउझरला चालत नाही, खेळणाऱ्याने आधी क्लिक करावं लागतं, क्रोमने हे 2018मध्येच लागू केलंय, आणि आमचा गेम पान उघडताच सुरू व्हायचा. आणि एका बाईंनी लिहिलं की मला ऐकूच येत नाही, त्यामुळे आवाज चालू असला काय आणि नसला काय. पण लाईट गेल्यावर सगळं थांबतं ती जागा मला आवडली, असंही लिहिलं होतं.

बाईंच्या उत्तराने आमच्या चर्चेची दिशा बदलली. तोवर मी 'आवाज चालू करा' अशी मोठी पाटी लावायच्या विचारात होते. ती लावलीच, सुरुवातीला क्लिक करायची एक स्क्रीनही घातली. म्यूटवाल्यांचा निम्मा प्रश्न त्याने सुटला. बाईंचा सुटला नाही.

टायमर मागणाऱ्यांचं दुखणं खरं होतं, त्यांनी सांगितलेलं औषध घेतलं असतं तर रोगीच गेला असता. पाणी कधी येणार ते वर कोपऱ्यात लिहिलेलं असेल तर स्वतःला स्लो कशाला करायचं? कानोसा घ्यायचं कारणच उरत नाही, आणि उरतो तो पंखा वळवायचा एक साधा गेम. मामेभावाने थरथरणारा नळ काढून बघितला, पाणी यायच्या आधी पाइप गदागदा हलतो असा. सुंदर काढला होता. पण फुल स्पीडवरही तो दिसायचा, म्हणजे पुन्हा तेच. ऐकायला थांबावं लागतं, बघायला थांबावं लागत नाही, इथे आम्ही बरेच दिवस अडून होतो.

सुटका घरच्याच कुलरने केली. आमचा कुलर फुलवर असला की सगळं अंग थरथरतं. त्याच्यावर ठेवलेला स्टीलचा पेला सरकत सरकत कडेला येतो आणि रोज कोणीतरी तो मागे ढकलतं. मी पेला ढकलता ढकलता मामेभावाला फोन केला. फुल स्पीडवर सगळी स्क्रीनच थरथरू दे. पाइप हलतोय की आपण हलतोय ते कळता कामा नये. स्लो केलं की घर स्थिर होईल, आणि मगच एकटा पाइप हलताना दिसेल. जो नियम कानाला होता तोच डोळ्याला.

स्पर्धेतल्या बिल्डला, म्हणजे सबमिट केलेल्या आवृत्तीला, हे घालता येत नव्हतं, ते नवीन काम झालं असतं. म्हणून ती तशीच ठेवली आणि जॅमनंतरची म्हणून वेगळी लिंक दिली. निकाल जुन्या बिल्डवरच लागला. विनोद आणि आवाज या दोन्हींत आम्ही बरेच वर होतो, मजेत मधोमध. आवाजाला तारे देणाऱ्यांत म्यूटवाले किती होते याचा मी विचार करत नाही. 'मजा'चा आकडा मात्र मला पटतो. ज्यांना नळ ऐकू आला त्यांना मजा आली, ज्यांना नाही त्यांना नाही, आणि सरासरी काढली की माणूस मधोमधच दिसतो.

तेव्हापासून दुसऱ्यांच्या गेमवर लिहिताना माझी सवय बदलली. आधी एक ओळ माझ्या परिस्थितीची: आवाज चालू, लॅपटॉपचा ट्रॅकपॅड, रात्रीची वेळ, डोळे अर्धे मिटलेले. मग काय केलं, कुठे मेले, कुठे सोडून दिलं. सूचना शेवटी, वाटलीच तर. अशा अभिप्रायांना उत्तरं लांब येतात. एकाने तर ट्रॅकपॅड वाचून लगेच विचारलं, दोन बोटांनी खेळलात की एका? त्याचा गेम एका बोटाने खेळताच येत नव्हता आणि त्याला ते तोवर कोणीच सांगितलं नव्हतं.

नव्या बिल्डवर पहिला निरोप त्या बाईंचा आला. पहिल्याच खेपेला कळलं, म्हणाल्या, स्लो केलं आणि पाइप दिसला. आम्ही खूश. मग बाकीच्यांचे आले. डोकं गरगरतं. मळमळतं. स्क्रीन हलणं बंद करायची सोय द्या. मागणी रास्त होती, स्क्रीन हलली की खरोखरच त्रास होणारी माणसं असतात आणि ही सोय हल्ली चांगल्या गेममध्ये असतेच. पण थरथर बंद केली की पाइप पुन्हा उघडा पडतो, फुल स्पीडवर मजेत दिसतो.

त्यावर मामेभावाचं म्हणणं असं की फुलवर कुलर पाणी पण फेकतो ना. समोर बसलं की चष्म्यावर थेंब येतात. तर थरथर बंद असणाऱ्यांसाठी स्क्रीनवर थेंब जमू दे, अंगणाकडचा भाग धूसर होऊ दे. स्लो केलं की थेंब सुकतील. घालून बघितलं आणि ऑफिसातल्या त्याच सहकाऱ्याला पुन्हा बसवलं. आवाज बंद, थरथर बंद, हातात पोळी. थोडा वेळ खेळून तो म्हणाला, "आता तं काहीच दिसून नाही राहिलं."

थेंब निम्मे करून परवा नवी बिल्ड टाकली आहे. मांजरही घातलं. ते कुलरच्या अगदी समोर येऊन झोपतं आणि हवा अडवतं.